डावी नाकपुडी

३ फेब्रुवारी
डावी बंद. उजवी अर्धवट. आणि म्हणे अनुलोम-विलोम! उजवी अंगठ्याने दाबली, डावीने श्वास ओढायला गेलो, तर आत काहीच जाईना. शेवटी सरळ तोंड उघडलं. ‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ ही म्हण ज्याने काढली, तो नक्की याच वर्गाला येत असणार.

वर्ग घेणाऱ्या सरांचं नाव मी मनातल्या मनात मोजणीमास्तर ठेवलंय. चार आकड्यांत श्वास आत, आठ आकड्यांत बाहेर. माझा तिसऱ्या आकड्यालाच संपतो. बाकीची वीस-बावीस माणसं डोळे मिटून शांत, आणि मधे मी एकटा फुसफुसतोय. पहिला दिवस. कोणी माझ्याशी बोललं नाही. मीही नाही बोललो.

५ फेब्रुवारी
कशाला जातो मी तिथे? तब्येतीसाठी नाही. उगाच स्वतःशी खोटं कशाला बोला! ताई तिच्या मुलाकडे राहायला गेली, त्याला पाच महिने होतील. अकरा वर्षं ती इथे होती, आणि सकाळी डोळे उघडल्यापासून तिचा पट्टा चालू — शेजारणीवर, पेपरवाल्यावर, माझ्या भोकं पडलेल्या बनियनवर. मी कावायचो. आता फ्रीज घरघरला तरी दचकतो.

निवृत्त होऊनही दोन वर्षं झाली. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची आठवण लिफ्ट बंद पडल्यावरच येते, एरवी कोणाला? मागच्या आठवड्यात लक्षात आलं — तीन दिवसांत मी मोठ्याने एकच शब्द बोललोय. ‘पिशवी.’ तोही दुकानदाराशी.

वाचनालयाच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला: वरच्या हॉलमध्ये प्राणायाम, सकाळी साडेसहा. म्हटलं, निदान माणसांच्या शेजारी बसून श्वास घेऊ.

९ फेब्रुवारी
शिंका! लागोपाठ तीन! सगळे भ्रामरीत भुंग्यासारखे गुणगुणत होते आणि मी मधेच बार उडवले. सगळ्यांचे डोळे उघडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण वर्ग संपल्यावर काय नवल! माणसं माझ्याभोवती गोळा. ‘वाफ घ्या.’ ‘वाफेने काही होत नाही हो, मिठाचं पाणी नाकातून काढा.’ ‘थंड एकदम बंद.’ ‘हाड वाकडं असणार. माझ्या मेव्हण्याचं होतं.’ पाच माणसं, सात उपाय! सगळ्यात शेवटी माझ्या शेजारच्या चटईवरच्या बाई बोलल्या. कोपऱ्यावर त्यांचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना टेलरबाई म्हणतात. ‘डाव्या कुशीवर झोपता ना? आज उजव्या कुशीवर झोपून बघा, डावी मोकळी होईल. आणि उद्या सांगा मला.’

उद्या सांगा मला! हे वाक्य घरी येईपर्यंत तीनदा स्वतःशी म्हटलं.

१० फेब्रुवारी
‘कसं आहे नाक?’ — चटई पसरायच्या आधीच.
‘किंचित बरं,’ म्हणालो. दिवस चांगला गेला.

१४ फेब्रुवारी, रविवार
ताईचा फोन. ‘जेवलास? गॅस नीट बंद करतोस ना? बरं ठेवते, नातू खुर्चीवर चढलाय.’ दीड मिनिट. नाकाचं सांगायचं राहूनच गेलं.

१९ फेब्रुवारी
टेलरबाईंनी माझ्यासाठी पुरचुंडी शिवून आणली! अस्तराच्या उरलेल्या तुकड्याची, आत ओवा, तोंडाला नाडी. ‘तव्यावर गरम करायची आणि हुंगायची. जास्त तापवू नका, नाहीतर नाक भाजून याल.’ टाके इतके बारीक की चष्मा काढून पाहावे लागले. माझ्यासाठी कोणी काही शिवल्याला किती वर्षं झाली, आठवेना.

त्या बोलताना तोंडाकडे बघत नाहीत. नाकाकडेच बघतात. माप घेतल्यासारख्या.

२३ फेब्रुवारी
कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. नाकात दिवा घालून बघितलं. हाड सरळ. धुळीची ॲलर्जी म्हणे. ‘उशी किती जुनी?’ म्हटलं, डॉक्टर, लिफ्टचे दोर कधी बदलायचे ते मला झोपेतही सांगता येईल, उशीचं कधी कोणी सांगितलं नव्हतं. हसले नाहीत. नवी उशी घ्या, हा फवारा सकाळ-संध्याकाळ.

२६ फेब्रुवारी
मोकळं! सकाळी उठलो तर दोन्ही नाकपुड्या सताड उघड्या. आठ आकडे पूर्ण झाले, वर दोन उरले. आज टेलरबाई घाईत होत्या, विचारायच्या राहिल्या.

आणि घरी येताना लक्षात आलं. उद्या विचारतील तेव्हा ‘बरं झालं’ म्हणायचं. त्या ‘छान’ म्हणणार, चटई गुंडाळणार आणि जाणार. मग? मग माझ्याशी कोणी कशाबद्दल बोलायचं?

२७ फेब्रुवारी
‘कसं आहे नाक?’
‘चोंदलंय,’ म्हणालो. तेही नाकातून!

साठी उलटलेला माणूस मी. शरम वाटली. पण जिना उतरून कोपऱ्यापर्यंत त्या माझ्याशी बोलत होत्या.

४ मार्च
टेलरबाई कालपासून नाहीत. बाकीच्यांचे उपाय केव्हाच संपलेत, माझ्या नाकाचं त्यांना सोयरसुतक नाही. आज वर्ग सुटल्यावर सगळे घोळक्याने कुठेतरी निघाले, मास्तरसुद्धा. मी बुटाची नाडी बांधत राहिलो. वाटलं, कोणीतरी हाक मारेल. बांधून झाली, सोडून पुन्हा बांधली. जिन्यात कोणी उरलं नाही.

८ मार्च
अजून नाहीत. खरं सांगायचं तर रागच आलाय. सांगून तरी जायचं!

१२ मार्च
आल्या! जरा उतरल्यासारख्या दिसल्या. मी आधी तक्रारच केली — ‘होतात कुठे? इकडे माझं नाक पार जाम!’
‘घरी थोडं काम होतं,’ म्हणाल्या. मग माझ्या नाकाकडे बघून, ‘वाफ घेतलीत मधे?’
नाही म्हटलं. रागावल्या. किती छान रागावल्या!

१६ मार्च
नवं संकट. उद्या मोजणीमास्तर प्रत्येकाच्या नाकाखाली कापसाची बट धरून कोणती नाकपुडी चालू, कोणती बंद ते बघणार. माझ्या दोन्ही इंजिनासारख्या चालतायत. पितळ उघडं पडणार!

१७ मार्च
लिहायलाही लाज वाटते. पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

वर्गाआधी वाचनालयाच्या बाथरूममध्ये जाऊन डाव्या नाकपुडीत कापसाचा बोळा कोंबला. परीक्षा पास. बट जराही हलली नाही. मास्तर म्हणाले, ‘डावी ठार बंद!’ सगळे हळहळले. तिथवर ठीक. मग कपालभाती. बोळा काढायला सवडच मिळाली नाही. पाचव्या का सहाव्या झटक्याला तो सुटला आणि थेट टेलरबाईंच्या चटईवर!

सगळ्यांचे डोळे मिटलेले. उघडे फक्त माझे आणि त्यांचे. त्यांनी बोळ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग खांद्यावरचा नॅपकिन काढून अलगद त्याच्यावर टाकला आणि डोळे मिटून घेतले.

१८ मार्च
जाणारच नव्हतो. गेलो.
‘कसं आहे नाक?’ — आवाज अगदी रोजचा.
मी चटईचं टोक सरळ करत बसलो. त्याच म्हणाल्या, ‘अजून आठवडाभर वाफ घ्या. मग बघू.’
टोमणा म्हणावा तर चेहऱ्यावर टोमण्याची खूण नाही. काही कळत नाही बुवा.

२६ मार्च
तीन दिवस चटई रिकामी. आज धीर करून मास्तरांना विचारलं.
‘अहो, तुम्हाला माहीत नाही? त्यांचे मिस्टर गेले ना, महिन्याच्या सुरुवातीला. वर्षभर अंथरुणावरच होते. आपण सगळे भेटून आलो की त्यांना! तुम्ही होतात ना बरोबर?’
नव्हतो.
‘दुकान आवरतायत. परवा मुलीकडे जातील, कायमच्या.’

दीड महिना त्या मला विचारत होत्या. मी एकदाही नाही. नवऱ्याला पोचवून आलेल्या बाईला मी काय म्हणालो? की माझं नाक जाम!

बंद लिफ्टमध्ये माणूस अडकला की हत्यारांना हात लावायच्या आधी दाराबाहेरून हाक द्यायची — ‘आत कोण आहे? घाबरू नका, मी इथेच आहे.’ तेहतीस वर्षं हे केलं. नव्या पोरांना शिकवलं. आणि हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर एक बाई बसलेली होती, तिला मी साधं ‘कशा आहात’ म्हटलं नाही. स्वतःचाच राग राग येतोय. उद्या जायला हवं.

२७ मार्च
दुकानात गेलो. मशीनवर कापड झाकलेलं, त्या दोऱ्यांची रिळं खोक्यात भरत होत्या. पाठ करून गेलेलं सगळं विसरलो. ‘कशा आहात?’ एवढंच आलं. मग माफी मागितली — बोळ्याची, न विचारल्याची, सगळ्याचीच.

रिळं भरता भरता म्हणाल्या, ‘वर्षभर जो तो मला ह्यांच्याबद्दलच विचारायचा. तुमचं नाक हा एकच विषय होता, ज्यात कोणी मरत नव्हतं.’

मग वर बघितलं. ‘कसं आहे आज?’

‘चोंदलंय,’ म्हणालो. खरंच चोंदलं होतं.