हिंमतचा अनवाणी नवस

साखरखेर्डा, ४ ऑक्टोबर २०२४

चि. हिंमत यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

घशाच्या कॅन्सरनं आवाज नेला, म्हणून फोन उचलत नाही. तुझे दाजी म्हणतात, भांडायलाही कोणी उरलं नाही.

डॉक्टरांनी सूनबाईला, राखीला, बाजूला घेऊन सांगितलं, की केमोचा आता उपयोग नाही, घरी न्या. आवाज गेलाय माझा, कान नाही. राखीनं अजून मला सांगितलेलं नाही, बिचारी!

मी बरी होईपर्यंत तू अनवाणी राहायचा नवस बोललास म्हणे. देवघरातल्या महाराजांच्या फोटोसमोर मी आधी नुसती बसायचे, बरं वाटायचं. आता बसले की तुझ्या टाचाच दिसतात. मग बरं कर म्हणावं लागतं, आणि ते होणार नाही. चप्पल घाल, बाबा.

तुझी ताई

सोनाळा, ११ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

असं काहीबाही लिहू नको. पऱ्हाटीत कापूस वेचताना काटे लागतात, पण सवय झाली. काजल रोज विचारते, की काऊन असे पाय सडवून राह्यले. बायको असून मी तिच्याशी बोलणंच सोडलंय. चप्पल घातली तर मीच तुझी आशा सोडली असं होईल. ते मला सांगू नको.

तुझा हिंमत

साखरखेर्डा, १८ ऑक्टोबर

चि. हिंमत, आशीर्वाद.

सगळे मला बरी हो म्हणतात. मरायची भीती वाटते, हे ऐकायला कोणी बसत नाही. राखी मोबाईलवर आरती लावते आणि कामाला लागते. देवाशी तेवढंच बोलायचंय रे, तर तुझा नवस आडवा येतो.

आई म्हणायची, ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं नारळ ठेवून सोडला तर दोष लागत नाही. आज राखीच्या हातून नारळ ठेवला. तू सुटलास.

माया असू दे.

ताई

सोनाळा, २४ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न.

आई असं कधीच म्हणाली नव्हती. तिच्याजवळ शेवटपर्यंत मीच होतो.

तरी तुझ्यासाठी आज चप्पल घातली. काजल आत जाऊन रडली. मीही रडलो.

रविवारी येतो. बरी हो म्हणणार नाही. कशाची भीती वाटते ते पाटीवर लिही, मी बसून वाचीन. मलाही फार वाटते, ताई.

तुझाच,
हिंमत