सोपानचा होकार

१४ फेब्रु. ७१
सकाळी धाकट्या भावाला, सोपानला, पाठुंगळी घेऊन खंडोबाच्या देवळात गेलो. विहिरीवर कुणीतरी मागून कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, डोक्यात घातला तेव्हापासून त्याची वाचा गेलेली, उजवं अंग लुळं. काल पहिला शब्द फुटला : व्हय.
शपथेचा बेल-भंडार मीच त्याच्या डाव्या हातावर ठेवला. त्याचा पोरगा म्हादू गावासमोर ओरडला, "आबा, दगडूनं मारलं?"
"व्हय."
दगडू विहिरीतला वाटेकरी, भांडण जुनंच. दुसरं नाव कुणी विचारलंच नाही.

१५ फेब्रु.
म्हादूनं चौघांना घेऊन दगडूला बांधावर गाठलं. पहारीनं पाय मोडला, हाड बाहेर. तोंडात माती कोंबली. त्याची बायको आडवी पडली, तिचे दात पाडले. मी तिथंच. देवाचा न्याय म्हणून गप्प.
ती रक्त थुंकत मला म्हणाली, "माळकरी ना तुमी, दादा?"

१८ फेब्रु.
सो.ला भरवताना. "पाणी देऊ?" व्हय. दिलं तर तांब्या भिरकावला. "नको?" व्हय.
"बैल मेला का रे?" व्हय. बैल समोर रवंथ करतोय.
"तुला मी मारलं?"
"व्हय, व्हय." माझा हात छातीशी घट्ट धरून रडला. आतला माणूस जाणतो, तोंड ऐकत नाही.
सांजेला आरती धरली. सोपान सबंध म्हणाला, अक्षर न चुकता. मग 'मीठ' म्हण म्हटलं. तोंड वाकडं झालं. व्हय.

२१ फेब्रु.
नगरला डॉ. भेटले. म्हणाले, बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या अंगाला, मार तिथंच बसलाय. आरती पाठ असते, तिच्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. विचार असेल शाबूत.
म्हणजे देवापुढं तो खोटं बोलला नाही. आणि खरंही...
परतलो. दगडूचा पाय दवाखान्यात कापावा लागला. म्हादू कुऱ्हाड घासत बसलेला. "आता त्याच्या भावाची पाळी."
"अरे, तुझा बाप सगळ्यालाच व्हय म्हणतो."
"द्येवासमूर बोलल्यात. द्येवाला खोटं पाडता व्हय तात्या? देवळात त्वांड उघडाल तर तुमचंबी टकुरं फोडीन."

२३ फेब्रु.
सोपानला पुन्हा पाठुंगळी घेतलं. गाव जमलेलं, म्हादू पायरीवर, हातात कुऱ्हाड. बेल-भंडार सोपानच्या हातावर ठेवला आणि मोठ्यानं विचारलं,
"सोपान, म्हादूनं मारलं तुला?"
"व्हय."
कुणी हललं नाही. म्हादू बापाकडं बघत राहिला. मग माझ्याकडं.
घरी आलोय. दार उघडंच ठेवलंय. म्हादू अजून आलेला नाही.