भावजींचं पलटणीतलं नाव

८ नोव्हें., विश्रामबाग
दिल्लीची यादी पक्की. लाल किल्ला, हुमायूनचा मकबरा, समर स्मारक, कुतुबमिनार. कुठलं काय कुठल्या वारी बंद, तेही लिहिलं. बत्तीस वर्षं शाळेच्या सहली काढल्या, एक पोर हरवलं नाही. दु. आष्ट्याहून आक्का आल्या. थोरल्या जाऊबाई. त्यांना एकच बघायचंय, स्मारकाच्या भिंतीवर भावजींचं नाव. भावजी सरहद्दीवर कामी आले तेव्हा आक्का चोवीस वर्षांच्या होत्या.

११ नोव्हें., दिल्ली
लाल किल्ला झाला. चालणं फार. आक्का म्हणाल्या, "आपल्या अजिंक्यताऱ्याला चढ हाय. ह्यो सगळा सपाट." मकबरा मला जास्त आवडला, बाग शांत. आक्कांचं लक्ष नाही. "उद्या जायाचं न्हवं?" तीनदा विचारलं.

१२ नोव्हें.
फजिती. स्मारकात नाव शोधायला संगणकाचा पडदा आहे. ऐटीत 'संपत' टाकलं. नाही. नुसतं आडनाव टाकलं तर ढीग निघाला. ह्यांना फोन केला, लागेना. मग आक्का हळूच, "संपत घरातलं. पलटणीत साळंतलं नाव."
"मग आधी नाही का सांगायचं?"
"तू कुटं इचारलंस? आन् मी नाव कसं घिऊ?"
खरंय. मीही जन्मभर भावजीच म्हणत आले. लिहून द्या म्हणावं, तर त्यांना सहीपुरतंच येतं. मदतीला आलेला जवान ताटकळत उभा. आक्कांनी डोक्यावर पदर घेतला आणि लग्नातला उखाणा घेतला.
"हळदीच्या पेठेत पिवळी पहाट, ज्ञानदेवरावांची बघते मी वाट."
मला रडू आलं. जवान बिचारा गोंधळला.
नाव निघालं. दोनदा. आडनाव तेच, दोघंही मराठा पलटणीतले. भावजींचा पलटणीतला नंबर? "घरी पेटीत हाय." एवढी यादी केली आणि नेमकं हे राहिलं.
भिंतीतल्या, नाव-नंबर कोरलेल्या दोन्ही विटा शोधल्या, फोटो काढले. आक्कांनी आधी एकीवर हात ठेवला, मग दुसरीवर. दोन्हीकडं तेवढाच वेळ.

१३ नोव्हें.
कुतुबमिनार. बघण्यासारखा आहेच. सकाळी लवकर जावं.

१७ नोव्हें., आष्टा
मुद्दाम आले. पेटी समोर, किल्ली आक्कांच्या कमरेला. म्हटलं, काढा कागद, फोटोतल्या नंबराशी ताडून बघू, पाच मिनिटांचं काम.
"नगं."
"का?"
"दुसऱ्याचं कोण तितवर गेलं आसंल का? मी हात लावलाय दोगास्नी. आता एकावरचा काढू कसा?"
मी फोटो काढलेला फोन बाजूला ठेवला.
आक्का चहा टाकायला आत गेल्या. जाताना किल्ली पेटीवर ठेवून गेल्या. विसरल्या, की मुद्दाम?
यादीत बाकी सगळ्यांपुढं बरोबरची खूण झाली. स्मारकाच्या ओळीवर पेन टेकवून बसले आहे.