हलका कॅमेरा

चामोर्शी,
मंगळवार, १९ नोव्हेंबर २००२

चि. रिना,
मावशीचा सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. धान कापून झाले, बांध्या मोकळ्या झाल्या, सकाळची थंडी पडू लागली. तूही बरी असशील असे धरून चालते.

आज दुपारी आपल्या अंगणात मोहल्ल्यातल्या बायका रडायला जमल्या होत्या. तुझ्यासाठी. त्यामुळे हे पत्र लिहिणे मला भाग पडले. नंतर मी बूथवर जाऊन तुला फोन केला तेव्हा तू विचारलेस, "मावशी, मागे कोण रडतं आहे?" मी म्हणाले, शेजारच्या घरचे काहीतरी आहे. ते खोटे होते. मागे, माझ्या पाठोपाठ बूथवर आलेली आपली कलाबाई होती आणि ती तुझ्याच नावाने रडत होती.

झाले असे. दिवाळीपासून आपला फोन बंद आहे, म्हणून तू सकाळी गिरजाबाईच्या बूथवर निरोप ठेवलास. तू तिला काय सांगितलेस ते मला आता कळले आहे: माझा हलका कॅमेरा आला नाही तर रविवारी दुसऱ्याचा जड कॅमेरा हेल्मेटला बांधून मी उडी घेईन. गिरजाबाईने तो निरोप बूथपासून आपल्या दारापर्यंत धावत आणला, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आणला. दारात पोचली तेव्हा निरोप एवढाच उरला होता: "बाई, रिना रविवारी डोक्याले वजन बांधून उडी घेतो म्हंते."

आपल्याकडे उडी घेणे म्हणजे काय, हे तू विसरली असशील. तुमच्याकडे रोज घेतात. आपल्याकडे बाईमाणसाने उडी घेतली म्हटले की कुठे आणि कशासाठी, हे कोणी विचारत नाही. त्यात डोक्याला वजन. दहा मिनिटांत अंगण भरले. मी ओरडून सांगत होते की ती विमानातून घेते, छत्री असते, सरकारी काम आहे. कलाबाई म्हणाली, "हो बाई, तुमी म्हंता तं तसंच असंन," आणि पदर तोंडाला लावला.

मग तिने आणखी एक वाक्य म्हटले. ते पुढे लिहीन.

आधी कॅमेऱ्याचे. तो आला नाही असे मी तुला तीनदा लिहिले. तो ऑगस्टपासून माझ्या लोखंडी कपाटात आहे, साड्यांच्या खाली. कॅमेऱ्याच्या पैशांचा तुझा ड्राफ्ट आल्यावर आठ दिवसांतच मिथुनला घेऊन मी नागपूरला गेले होते. तुझ्या वर्गातला हा मिथुन आता लग्नांचे शूटिंग करतो, कॅमेऱ्यातले त्याला कळते, हे तूच लिहिले होतेस. सीताबर्डीवर त्याने चार दुकाने फिरवली. खांद्यावर घ्यायचे मोठाले कॅमेरे तो बघूच देईना. "बाई, हे नवरदेवासाठी. रिनाले मुठीत मावनारा पाहिजे. छत्री उघडली का मानेले झटका बसते, जड असला तं मान जाईन."

दुकानदाराने विचारले, "घरी लग्न आहे का मॅडम?"

मिथुन म्हणाला, "लग्न नाई. बाईची भाची आभाळातून पडते, तिले दुसरे पडनारे टिपाचे आहेत."

दुकानदार हातातला कागद वाचत म्हणाला, "पडणं वॉरंटीत बसत नाही."

दोघे हसले. मी हसले नाही. पावती घेतली, कॅसेटी मोजून घेतल्या, आणि परतीच्या बसमध्ये ती पेटी मांडीवर घेऊन बसले. वाटेतले मूल गाव येईपर्यंत मी ठरवले होते की हा कॅमेरा तुला पाठवायचा नाही.

कारण सांगते. तुझ्या जुलैच्या पत्रात तू थट्टेने लिहिले होतेस की कॅमेरा लावलेल्या माणसाने एक गोष्ट जपायची असते. तो दुसऱ्यांकडे बघत खाली येतो आणि कधीकधी आपण किती खाली आलो हेच विसरतो. ते वाक्य मी थट्टेने वाचू शकले नाही. कॅमेरा घरी आल्यावर मी तो एकदा चालवून पाहिला. कलाबाईच्या कोंबड्या टिपत होते. त्या छोट्या काचेला डोळा लावला आणि मागे सरकता सरकता ओसरीची पायरी चुकले. पायरी ती कितीशी, वीतभर. दहा दिवस घोटा सुजलेला होता. माझ्या घरात, माझ्या ओसरीवर, चाळीस वर्षे पायाखालची असलेली पायरी मला आठवली नाही. तू नऊ हजार फुटांवरून येणार. तुमच्याकडे काचेत बघायचे नसते, डोळ्यासमोर नुसती एक कडी असते, असे तू लिहिले आहेस. मी ते वाचले आहे. माझ्या भीतीने वाचलेले नाही.

तू पत्रात लिहायचीस ‘आज तिसरी उडी’, ‘आज शंभरावी’, आणि मी उत्तरात ‘हवाई अवतरण’ असे लिहून तुझा शब्द सुधारायची. मराठीच्या बाईंची खोड म्हणून तू हसत असशील. तो शब्द मला माझ्या हाताने लिहवत नव्हता. तुझ्या दोनशे बारा झाल्या. मी मोजल्या आहेत, पण तो शब्द लिहिला आजच.

आता कलाबाईचे वाक्य. ती म्हणाली, "मायसारखंच केलं पोरीनं."

रिना, तुझी आई पाणी काढताना पाय घसरून पडली नाही. तिने विहिरीत उडी घेतली.

तू चार वर्षांची होतीस. मीरा तुला कडेवर घेऊन चिमूरकडच्या तिच्या सासरहून संध्याकाळच्या बसने आली. तिच्या दंडावर वळ होते. मी ते पाहिले. ती म्हणाली, "अक्का, मले तिकडं परत धाडू नको. मी तुझ्या घरी भांडी घासीन." मी तेव्हा नागपूरहून बी.ए. होऊन आले होते, शाळेत नवी हेडमिस्ट्रेस झाले होते, गावात माझ्या शब्दाला वजन येत होते. मी म्हणाले, शिकलेल्या घरच्या मुली भांडून माघारी येत नाहीत, उद्या सकाळच्या गाडीने परत जा, मी तुझ्या नवऱ्याला पत्र लिहीन. पत्र लिहीन म्हणाले मी.

ती वाद घालेल असे वाटले होते. तिने घातला नाही. ती अगदी शांत झाली. जेवली. तुझे केस विंचरून दोन वेण्या घातल्या, तुला आवडायच्या तशा घट्ट. मला वाटले, समजली. सकाळी उजाडताना ती घरात नव्हती आणि तू झोपलेली होतीस.

मी विहिरीवर गेले. काठावर तिची चप्पल होती. बादली नव्हती, बादली आपल्या मोरीत होती. मी घरी परत आले, बादलीला दोर बांधला, ती नेऊन काठावर ठेवली, चप्पल एक उलटी केली, आणि मग ओरडले. या क्रमाने. पंचनाम्यात पाय घसरून असे लिहिले गेले ते माझ्या सांगण्यावरून. शाळेतल्या बाईंचा शब्द, म्हणून कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. स्वतःला मी सांगितले की हे तुझ्यासाठी करते आहे, मोठेपणी तुला कुणी बोल लावू नये म्हणून. ते अर्धे खरे आहे. अर्धे माझ्यासाठी होते. मी तिला परत जायला सांगितले होते, हे कुणाला कळायला नको होते.

पुढे तुझ्या बापाने दुसरे लग्न केले. तुला न्यायला तो कधी आला नाही, त्याचे मला बरेच वाटले.

चोवीस वर्षे मी समजत होते की गावाला काही माहीत नाही. आज म्हातारी सोमारी अंगणात काठी टेकत आली. त्या दिवशी पहाटे माझ्याआधी ती विहिरीवरून गेली होती आणि काठावर नुसती चप्पल आहे, बादली नाही, हे तिने पाहिले होते. ती माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "बाई, या पोरीच्या खेपेस बादली नोका ठेवू." सगळ्यांना माहीत होते, रिना. तुला सोडून सगळ्यांना. तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

आता तुला माझी भीती कळेल. विहिरीवर मी जाळी बसवली ती मुलांसाठी असे सांगत असे. तुला पोहायला जाऊ दिले नाही, झाडावर चढू दिले नाही, गच्चीच्या कठड्याशी दिसलीस की छडी काढली. तू चिडून विचारायचीस, "काऊन मावशी?" मी म्हणायची, मी सांगते म्हणून. आणि तू हवाई दलात जाऊन नेमके हेच शोधून काढलेस. पहिल्या वर्षी तू लिहिलेस, ‘विमानाच्या दारात उभी राहिले की डोकं अगदी शांत होतं.’ ते पत्र मी पुन्हा उघडले नाही. शांत झालेली बाई मी एकदा पाहिली होती. हे रक्तातून येते का, हे कुणाला विचारायचे? मी कॅमेरा लपवला. मला वाटले, कॅमेरा नसला की ते काम तुला मिळणार नाही, निदान एवढी एक गोष्ट टळेल. आणि झाले काय, तू त्याऐवजी मान मोडेल असे वजन बांधायला निघालीस. मीराला मी परत पाठवले तेव्हाही मला असेच वाटले होते, की मी बरोबर करते आहे.

तुझ्याशी बोलून झाल्यावर मी तडक मिथुनकडे गेले. कॅमेरा घरातच आहे हे त्याला सांगितले. तो रागावला नाही. थोडा वेळ लेन्स पुसत बसला. मग मी त्याला ते विचारले, जे कुणाला विचारायचे नव्हते. म्हटले, मिथुन, ती मरायला तर जात नाही ना?

तो म्हणाला, "बाई, रिना छत्रीची घडी सोता घालते, आन् दोनदा तपासून पाह्यते. मागच्या बारीले आली होती तवा तिनं मले चादरीवर करून दाखवली. एक सुरकुती आली तं सगळी उकलून पुन्हा घातली. मराले जानारा मानूस दोनदा कायले तपासन?"

मी यावर विचार केला. मीराने काहीच तपासले नव्हते. बसची वेळही विचारली नव्हती. ते मला त्या रात्री दिसायला हवे होते.

माझी भीती गेलेली नाही, गेली असे लिहिणार नाही. पण तुला परत पाठवायचा अधिकार मी वापरून चुकले आहे. तू जे काम करणार आहेस ते हलक्या कॅमेऱ्याने कर.

मिथुन उद्या सकाळच्या बसने चंद्रपूरला जाऊन तिथून तुझ्याकडे आग्र्याला येणारी गाडी धरतो आहे. एक लग्न त्याने दुसऱ्याला दिले. कॅमेरा तो गुरुवारी तुझ्या हातात ठेवील, हेल्मेटला नीट बसतो का ते तुझ्याबरोबर पाहील आणि सोमवारपर्यंत थांबेल. सोबत वेगळी चिठ्ठी आहे. तीत एवढेच आहे की कानात वाजणारे उंचीचे यंत्र लावल्याशिवाय दारात उभी राहू नकोस.

हे पत्र मात्र तो लगेच देणार नाही. रविवारी तू खाली उतरून, छत्री गोळा करून, आपल्या पायांनी चालत त्याच्याजवळ आलीस की मग देईल. तसे त्याला बजावले आहे. म्हणजे तू हे वाचत असशील तर तू जमिनीवर आहेस. मी लिहिते आहे तेव्हा मला ते माहीत नाही. रविवार संध्याकाळपर्यंत मला ते माहीत नसेल. गिरजाबाईच्या बूथवर मी चार वाजल्यापासून बसणार आहे. माझ्यावर रागावलेली असलीस, पुढे बोलायचे नसले, तरी एकदा फोन कर. काही बोलू नकोस. मला तुझा श्वास ऐकू आला की मी ठेवीन.

तुझ्या आईला त्या रात्री घरी ठेवून न घेतलेली,
तुझी मावशी
चंद्रभागा खोब्रागडे

मिथुनच्या हाती दिले, मंगळवार संध्याकाळी साडेपाच वाजता, त्याच्यासमोर मोजून:
व्हिडिओ कॅमेरा, छोटा, एक.
बॅटऱ्या दोन, दोन्ही आज चार्ज केलेल्या. चार्जर एक.
कोऱ्या कॅसेटी पाच. सहावीवर कोंबड्या आहेत, ती ठेवून घेतली.
दुकानाची पावती.
चिठ्ठी एक, उघडी. गुरुवारी द्यावी.
पत्र एक, बंद पाकिटात. ती उतरल्यावर द्यावे. न उतरल्यास परत आणावे.

वरील सर्व बाईंकडून मिळाले. शेवटची ओळ मी वाचली, पण ती धरणार नाही. पत्र देऊनच येतो.
— मिथुन