आफ्येशेजारची जागा

मी क्रेलिस ब्लोक, वय एक्याऐंशी, मासे धुरवण्याचा, म्हणजे धुरी देऊन टिकवण्याचा, धंदा केलेला, राहणार एग्मंड, डोकं जागेवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शाळा थोडीच झाली. चुका नोटरीसाहेबांनी सुधाराव्यात, अर्थ मात्र बदलू नये.

धर्म: जुना कॅथलिक. म्हणजे पोपचं न ऐकणारे, पण कॅथलिकच. माझा मेहुणा गेर्ब्रांद रोमन कॅथलिक. तो म्हणतो, "दाजी, जुना म्हणजे शिळा. तुमच्या फादरला तर बायको आहे, तो पापाची कबुली कोणाला देतो?" मी म्हणतो, "तिलाच. सुटका नाही."

१. घर माझ्या मुलीला, डिउवरला. मागची कौलं वादळाआधी बघावीत. कितीदा सांगितलं.

२. सुऱ्या जावयाला. त्याला धार लावता येत नाही, तरीही.

३. माझी बायको आफ्ये रोमन होती. 'कॅथलिक' या शब्दाचा अर्थच 'सगळ्यांची', असं ती सांगायची. "सगळ्यांची म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं, हे कसलं?" ती गेली तेव्हा घरात जपमाळेआधी श्रद्धेची प्रार्थना झाली, ती सगळ्याच पंथांत म्हणतात. 'पवित्र कॅथलिक चर्च' हे शब्द गेर्ब्रांद माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाला. मीही आवाज चढवला. शेजारचा वाउटर प्रोटेस्टंट, त्यांच्यात 'कॅथलिक'ऐवजी 'सार्वत्रिक' म्हणतात. तो तसं म्हणाला. पुढच्या ओळीला आम्ही तिघं एकत्रच होतो. केवढा ऐसपैस शब्द आहे 'कॅथलिक'. अजून नवल वाटतं.

४. आफ्ये रोमन दफनभूमीत आहे. तिच्या शेजारी जागा रिकामी आहे. मला तिथे ठेवावं. नियमाप्रमाणे तिथे फक्त रोमन, आणि समितीचा अध्यक्ष गेर्ब्रांद. या काळजीने झोप लागत नाही. नाही म्हणाले तर डिउवरने भांडू नये.

५. धुरवण्याची कोठी गेर्ब्रांदला. तिच्यावर त्याचा कधीपासून डोळा आहे. (हे कलम खोडलं. कोठी डिउवरला.)

खोडण्याचं कारण: चौथं कलम गेर्ब्रांदने स्वतः वाचावं म्हणून मी त्याला साक्षीदार बोलावलं. नोटरीसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळतं तो साक्षीदार होऊ शकत नाही. गेर्ब्रांदने कलम वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "कोठी राहू द्या, दाजी. पेन कुठाय?"

एग्मंड, ११ मार्च १९६१
सही: क्रेलिस ब्लोक

साक्षीदार:
वाउटर पेर्क, शेजारी
गेर्ब्रांद झ्वार्ट, अध्यक्ष, दफनभूमी समिती. चौथं कलम वाचलं. जागा राखली आहे.