डॉक्टरांनी घेतलेले बोंबील

दिवाळे गाव, १९८४

डॉक्टरसाहेब,

माझ्या धाकट्या बहिणीचा, गोजराचा टीबी बरा झाला, आता तिच्यापासून कोनाला धोका नाय, असं तुमीच अख्ख्या गावासमोर सांगितलंत. गावात टीबीवर चाललेल्या तुमच्या संशोधनात जवान पोरांच्या मनाचीपन तपासनी होती. झोप लागते का, रडू येतं का, असं तुमी तिला मायेनं विचारायचात.

तुमच्या भरवशावर काल ती मासळीची पाटी घेऊन बाजारात बसली. एक गिऱ्हाईक फिरकलं नाय. मग तुमी आलात. तिनं हसून ताजे बोंबील पुढे केले. तुमी "बरी आहेस ना?" म्हनालात, आनि शेजारच्या वेणूबाईकडून तसलेच बोंबील घेतलेत.

मी मागंच उभी होते. गोजरानं भरलेली पाटी तशीच घरी आनली.

आता तिला झोप लागते का, ते विचारायला येऊ नका.

सरस्वती