कोठीमागचे बूट

सरू,

तू दळण घेऊन येईस्तोवर मी चालायला निघालोय. गव्हाच्या कोठीमागं लपवलेले बूट सापडले. बागेपर्यंतच जाईन, सावकाश. जिभेखालची गोळी खिशात आहे, मोबाइलबी घेतलाय. पोराला गाडीवर मागं धाडू नको.

तुझा भाऊ कडूबा अटॅक आल्यावर दुसऱ्याच दिवशी शेतात गेला अन् बांधावर पडला. तेव्हापासून तुला चालणं म्हणजे मरण वाटतं, ठाऊक आहे मला. पण त्यानं दवाखान्याचं तोंडबी पाहिलं नव्हतं. मला दवाखान्यातून येऊन दोन महिने झाले. रोज थोडं थोडं चाललं तर काळजाला बळ येईल, असं डॉक्टरनं तुझ्यासमोर सांगितलं. तू मान हलवलीस अन् घरी आणून मला खाटेवर निजवलंस. आता मोरीपर्यंत गेलं तरी धाप लागते. हे अटॅकनं नाय, निजून निजून झालंय.

भ्या मलाबी वाटतं. पण मी डोळे मिटले की तू नाकाशी बोट धरून श्वास बघतेस ना, तेव्हा मी जागाच असतो. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मुद्दाम मोठ्यानं श्वास घेतो.

आता तेवढ्यानंबी दम लागतो, सरू.